चारशे बारा पावलं

निवृत्तीचं पत्र आलं त्या रात्री
लेमुएलने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला.
मी नाओमीच्या शाळेच्या पेटीतला कंपास शोधून आणला.
"हं, मिसुक, सांग. कुठं राहायचं?"
सव्वीस वर्षांत हा प्रश्न आम्हाला
पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं,
तेही आमचं आम्हीच.

पहिलं वर्तुळ माजी सैनिकांच्या हॉस्पिटलभोवती.
त्याचा गुडघा, त्याचा डावा कान,
आणि ज्याला तो अजून नाव देत नाही ते,
तासाभरात पोचायला हवं.
दुसरं, पेन्शनवर कर न लावणाऱ्या राज्यांचं.
ती काही गोल नव्हती, तरी त्याने गोलच काढलं.
तिसरं नाओमी नर्स आहे त्या गावाचं.
चौथं मी काढलं, हळूच, समुद्राला लागून,
बुसानसारखा ओला, खारट वास येईल असं कुठंतरी.
पाचवं त्याने काढलं नाही.
नुसतं टोक टेकवून धरलं
डेलरॉयला पुरलंय तिथं.

सगळी वर्तुळं जिथं एकत्र आली
तिथं भिंग धरून पाहिलं, तर तळं.
आम्ही इतके हसलो
की शेजारच्या क्वार्टरमधून भिंतीवर थाप आली.

मग अलाबामाला जाऊन आलो, त्याच्या गावी.
भावाने मिठी मारली, तळलेला मासा वाढला
आणि रात्रभर त्याला 'सार्जंट' म्हणत राहिला.
त्याला लहानपणच्या नावाने हाक मारणारे
सगळे चर्चमागच्या गवतात झोपलेले.

समुद्रावरही गेलो. खोली भाड्याने घेतली.
चौथ्या संध्याकाळी, पाचच्या ठोक्याला,
तो वाळूत ताठ उभा राहिला,
हात पँटच्या शिवणीला लागलेले,
चांगला कान पुढे करून.
लाटाच आल्या.
मी काही बोलले नाही. बॅग भरायला घेतली.
बॅग भरण्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

तर हे घर. टेक्सास.
छावणीच्या कुंपणापासून चारशे बारा पावलं
(त्यानेच मोजली).
ज्या गेटातून कधी एकदा सुटतो म्हणायचा
ते इथून दिसतं.
रस्त्यावर न्हावी चार, कटिंग एकच.
गहाणवटीची तीन दुकानं, आणि एक ओकजाचं,
सुकी मासळी, तिखट, तांदूळ.
तिचा नवरा गेला, ती इथंच राहिली.
मला पाहून म्हणाली,
"आलीस? मला वाटलंच."
वारा बरा असला की संध्याकाळी बिगुल ऐकू येतो.
नसला की लेमुएल उगाच कुंपणापर्यंत फिरून येतो.

पहिल्याच रात्री बाथटबमध्ये विंचू.
मी किंचाळले.
त्याने वर कप पालथा घातला,
खालून वीजबिलाचा कागद सरकवला
आणि अंगणाच्या कडेला नेऊन सोडला.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.
तो वाकलेला होता, दिव्यात त्याची पाठ दिसत होती.
रिकामी.

टेबलाचे पाय बसवायला टेबल उलटं केलं.
खाली अकरा स्टिकर, पिवळे, केशरी, हिरवे,
दर बदलीला सामानवाल्यांनी लावलेला एकेक नंबर.
खरवडू का, म्हटलं.
म्हणाला, तुला काय त्रास देतायत?

सरकारी क्वार्टर सोडताना
खिळ्यांची भोकं टूथपेस्टने बुजवायची असतात,
तपासणीला येणाऱ्याला दिसू नयेत म्हणून.
अकरा घरं आम्ही अशी सोडली,
पुदिन्याच्या वासाची,
कुणी राहिलंच नव्हतं अशी.

काल त्याने नाओमीच्या फोटोसाठी खिळा ठोकला.
चुकला. दोन बोटं डावीकडे पुन्हा ठोकला.
मला कळायच्या आत
मी ट्यूब घेऊन भिंतीपाशी उभी होते.
त्याने माझा हात धरला.
"कोण येणार आहे तपासायला?"

भोक तसंच आहे.
येता-जाता मी त्यात करंगळी घालून बघते.